वसुधारा ते हेमकुंड : पाण्याच्या वेळा पाळत आठ दिवस

सह्याद्रीतला धबधबा पावसावर जगतो. पाऊस कोसळला की तो फुगतो, उघडीप मिळाली की ओसरतो. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर गेलं की हा हिशेब पालटतो. तिथे स्वच्छ, निरभ्र दिवशी पाणी जास्त, कारण ते उन्हानं वितळलेल्या बर्फाचं असतं. पहाटे ते सर्वांत कमी असतं, दुपारनंतर वाढत जातं आणि संध्याकाळच्या सुमाराला भरात येतं. सकाळी उड्या मारत ओलांडलेला ओढा दुपारी चारला अडवून उभा राहतो तो याचमुळे. सप्टेंबरच्या मध्यावर बद्रीनाथ आणि घांघरिया परिसरातल्या धबधब्यांसाठी केलेल्या या भटकंतीचा सगळा आराखडा या एका गोष्टीवर बेतला होता.

दिवस पहिला : ऋषिकेश ते जोशीमठ

साधारण अडीचशे किलोमीटर, पण घाटरस्ता असल्यामुळे नऊ-दहा तास सहज जातात. पहाटे पाचच्या आत ऋषिकेश सोडावं. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे संगम एकामागून एक येतात. देवप्रयागला दोन्ही प्रवाहांचे रंग वेगळे दिसतात तिथे पाच मिनिटं थांबावं. हिमनदी खडक दळते, त्या पिठासारख्या गाळानं पाणी दुधट, राखाडी होतं. झऱ्यांचं पाणी नितळ किंवा हिरवट असतं. पुढचे सात दिवस समोरचं पाणी कुठून येतंय ते ओळखायला ही खूण कामी येते.

पिपळकोटीच्या पुढे ‘पागल नाला’ नावाची जागा आहे. एरवी सुका दिसणारा हा नाला वर पाऊस झाला की दगडमातीसकट रस्त्यावर उतरतो. पावसाळ्याच्या शेपटीला जाणाऱ्यांनी म्हणूनच परतीच्या गाडीच्या किंवा विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. चारधामची नोंदणी घरूनच करून ठेवावी.

दिवस दुसरा : बद्रीनाथ, आणि फक्त आराम

जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर, बद्रीनाथ ३,१००वर. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आत. म्हणजे दोन-तीन तासांत शरीर बाराशे मीटर वर जातं, आणि बहुतेकांचं डोकं दुखायला इथेच सुरुवात होते. गाडीतून उतरल्याबरोबर माणा गाव, तिथून तसंच वसुधारा धबधबा, असा बेत करणारे बरेच भेटतात. तो बेत चुकीचा आहे. पहिल्या दिवशी सॅक टाकायची, सावकाश फिरायचं, तीन-साडेतीन लिटर पाणी प्यायचं, रात्री हलकं जेवायचं आणि मद्याला हात लावायचा नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मरणं, चालताना तोल जाणं यांतलं काही दिसलं तर वर जाणं थांबवायचं. वाढत असेल तर त्याच दिवशी खाली उतरायचं. त्यावर उतरण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही. विरळ हवेसाठीची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

पांडुकेश्वर आणि हनुमानचट्टीच्या पुढे रस्ता उभा चढतो आणि दोन्ही कड्यांवरून पाण्याच्या बारीक रेघा उतरताना दिसतात. यांतल्या बऱ्याच नुकत्याच पडलेल्या पावसाच्या असतात आणि दोन-तीन कोरड्या दिवसांत नाहीशा होतात. ज्या कोरड्या आठवड्यातही टिकतात त्यांच्या डोक्यावर बर्फ आहे असं समजावं.

रात्री एका छोट्या खाणावळीत गहतची डाळ आणि मंडुव्याची रोटी मिळाली. गहत म्हणजे आपले कुळीथ आणि मंडुवा म्हणजे नाचणी. कोकणातल्या माणसाला तीन हजार मीटरवर ही जोडी ताटात दिसली की परकेपणा अर्धा उतरतो. डाळीला फरणची फोडणी होती. हे कांद्या-लसणाच्या कुळातलं पहाडी पान वाळवून ठेवतात आणि तुपात घातलं की खोलीभर वास सुटतो. भात हवा असेल तर तो शिजायला वेळ लागेल हे धरून चालावं. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ-तांदूळ नीट शिजत नाहीत.

दिवस तिसरा : चरणपादुका

वसुधारेच्या आधीचा हा सरावाचा दिवस गाळू नये. बद्रीनाथपासून चरणपादुका, म्हणजे विष्णूच्या पावलांचा मानलेला खडक, साधारण तीन किलोमीटर, चढ तीनशे मीटरच्या आत. वाट बामणी गावाच्या बाजूनं वर जाते आणि नीलकंठाच्या पायथ्याकडून येणाऱ्या ऋषिगंगेचं खोरं समोर उघडतं. नीलकंठ ६,५९६ मीटरचा. पहाटे त्याच्या माथ्यावर ऊन पडतं तेव्हा गाव अजून गारठलेल्या सावलीत असतं. ऋषिगंगा धोंड्यांवरून टप्प्याटप्प्यानं आपटत खाली येते.

दिवसभरात पाणी कसं वाढतं ते बघायला ही जागा उत्तम. सकाळी सातला काठावरच्या एका धोंड्याची पाण्याजवळची कड नीट लक्षात ठेवावी, आणि दुपारी चारला तीच जागा पुन्हा बघावी. आम्ही बघितली तेव्हा सकाळचा कोरडा भाग वीतभर पाण्यात गेला होता. आकाश दिवसभर स्वच्छ होतं.

बामणीत शेतातून बटाटे काढायचं काम चाललं होतं. तिथल्या एका आजींनी वाटेवरच्या झऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की गढूळ झाला तर वर जाऊ नका. पाणी वाढलं तर चालेल, रंग बदलला तर नाही. अनुभवी वाटाडेही हेच सांगतात. रोजच्या वितळणीनं पाणी वाढतं, पण एकदम मातकट झालं तर वर कुठेतरी दरड कोसळली किंवा मोठा पाऊस झाला असं धरायचं. त्याहून वाईट लक्षण म्हणजे भर दुपारी प्रवाह अचानक आटणं. वर प्रवाह अडून बांध तयार झाला असण्याची शक्यता असते आणि तो फुटला की सगळं एका लाटेत येतं. तेव्हा प्रवाहाच्या कडेकडेनं खाली पळायचं नाही, प्रवाहापासून बाजूला होऊन उतारावर चढायचं.

दिवस चौथा : वसुधारा

पहाटे साडेपाचला बद्रीनाथहून गाडीनं माणा, अंतर तीन किलोमीटर. गावाच्या वेशीवर पूर्वी ‘भारताचं शेवटचं गाव’ अशी पाटी असे, आता ‘पहिलं गाव’ म्हणतात. इथली मारछा भोटिया मंडळी बर्फ पडायला लागलं की खालच्या गावांत उतरतात आणि उन्हाळ्यात परत येतात. पहाटे दारं बंद असतात, त्यामुळे पराठे आदल्या रात्रीच बांधून घ्यावेत. भीमपुलापाशी चहाची टपरी उघडी मिळाली तर मिळाली, पुढे काहीच नाही. माणशी दोन लिटर पाणी, दोन वेळचं कोरडं खाणं आणि कोरडे कपडे पाठीवर हवेतच.

भीमपुलाखाली सरस्वती अरुंद घळीतून अशी फुटते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दोन काठांवर टेकलेला तो अजस्र धोंडा भीमानं द्रौपदीसाठी टाकला, अशी कथा. इथून पांडव स्वर्गारोहिणीकडे गेले असं मानतात आणि वसुधारेची वाटही तीच. थोडं खाली सरस्वती अलकनंदेला मिळते, तो केशवप्रयाग.

पूल ओलांडला की वाट अलकनंदा डावीकडे ठेवून पश्चिमेला वळते. माणा ते वसुधारा पाच-सहा किलोमीटर आणि चढ साधारण चारशे मीटर. पहिला टप्पा दगडी फरसबंदीचा, सौम्य चढाचा. इथे वेगानं चालायचा मोह होतो. तो आवरावा, कारण ३,६०० मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून थोडा कमीच असतो. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, हा वेग योग्य. अर्ध्या वाटेनंतर फरसबंदी तुटते आणि हिमनदीनं आणून टाकलेले धोंडे, घसारा आणि मध्ये आडवे येणारे नाले सुरू होतात. इथे काठी लागतेच.

नाले ओलांडण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण वाटेवर धडपडणारी माणसं बहुधा इथेच धडपडतात. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि जोराचं असतं. जिथे प्रवाह पसरून दोन-तीन धारांत फाटतो ती जागा निवडावी. तोंड वरच्या दिशेला, काठी पुढे पाण्यात रोवलेली, आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडलात तर ती टाकून उठता येतं. बूट काढायचे नाहीत. गार पाण्यात अनवाणी पाय मिनिटाभरात बधिर होतात आणि दगड कुठे आहे ते कळेनासं होतं. बूट ओले होऊ द्यावेत, मोजे सॅकमध्ये जादा ठेवावेत. जोराचं पाणी गुडघ्याला लागलं तर परत फिरायचं. सकाळी असे नाले घोट्याच्या आतच असतात, म्हणून तर पहाटे निघायचं.

सव्वाआठच्या सुमाराला धबधबा समोर आला. लांबून तो लहान वाटतो, कारण मागचा कडा फार मोठा आहे. उंची सुमारे चारशे फूट सांगतात. पाणी कड्याला धरून उतरत नाही, वरून सुटतं ते हवेतच मोकळं होतं, आणि वारा असेल तर बराचसा भाग तुषार होऊन उडून जातो. अष्टवसूंनी इथे तप केलं म्हणून नाव वसुधारा. पापी माणसाच्या अंगावर थेंब पडत नाहीत अशी श्रद्धा आहे, आणि लोक खरोखरच हात पसरून उभे राहतात. धार वाऱ्याबरोबर दोन-तीन मिनिटांनी जागा बदलते. एका जागी शांतपणे उभं राहिलं की ती सगळ्यांपर्यंत येते. आमच्या आधी पोचलेलं एक वयस्क गढवाली जोडपं असंच उभं होतं. आजोबांच्या टोपीवर थेंब पडले तेव्हा आजींनी हात जोडले.

कडा साधारण दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन लवकर येतं. ऊन आलं की तुषारात इंद्रधनुष्य उमटतं. ते दिसण्यासाठी सूर्य बरोबर पाठीशी हवा, म्हणजे सकाळी धबधब्याच्या पूर्वेकडे उभं राहायचं. साडेदहा-अकरानंतर खोऱ्यातून वर वाहणारा वारा सुरू होतो, धार फाटते आणि कॅमेऱ्याची काच पुसण्यातच वेळ जातो.

इथल्या तीन चुका सांगतो.

पहिली, धारेखाली जाणं. रात्री भेगांतलं पाणी गोठतं, ऊन लागलं की सुटतं आणि त्याच्याबरोबर दगड सुटतात. पाण्याच्या आवाजात दगड येताना ऐकूच येत नाही. पायथ्याशी ताज्या, धारदार कडांचे फुटलेले दगड पडलेले दिसले तर ती जागा त्यांची आहे, आपली नाही. तुषार अंगावर घ्यायला तीस-चाळीस मीटर दूरही पुरतं.

दुसरी, मे-जूनमध्ये पायथ्याशी साचलेल्या बर्फाच्या ढिगावर चढणं. वरून तो टणक दिसतो, पण खालून प्रवाहानं पोखरलेला असतो. कडा पातळ झालेल्या असतात, आणि कड्याला लागून जिथे बर्फ खडकापासून सुटतो तिथे माणूस आत जाईल एवढी फट असते. बर्फावरून जावंच लागलं तर सकाळी, मध्यावरून, आणि खालून पाण्याचा आवाज येत नसेल तिथूनच.

तिसरी चूक साधी आणि सगळ्यांत जास्त होणारी : भिजलेल्या कपड्यांत बसून राहणं. पाच-सात अंशांचं तापमान, ओला सुती टी-शर्ट आणि वारा, एवढ्यात वीस मिनिटांत दात वाजायला लागतात. बोटं जड होणं, शब्द अडखळणं ही पुढची लक्षणं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरडा लोकरी किंवा सिंथेटिक थर, टोपी आणि हातमोजे असावेत, आणि भिजल्याबरोबर तिथेच कपडे बदलावेत. पोंचो इथे कामाचा नाही, वाऱ्यात डोक्यावर येतो. अंगाला बसणारा रेनकोट हवा.

धबधब्यापासून पुढे पश्चिमेला बघितलं की सतोपंथ आणि भागीरथ खरक हिमनद्यांचा राखाडी ढिगारा दिसतो. अलकनंदा तिथूनच सुरू होते. पलीकडच्या काठावर लक्ष्मीवन आणि सतोपंथ तालाकडे जाणारी वाट. तिकडे जायला तंबू, वाटाड्या आणि परवानगी लागते. वसुधारेला यांतलं काही लागत नाही.

साडेनऊला परत फिरलो. सकाळी ज्या दगडावर पाय ठेवून शेवटचा नाला ओलांडला होता, त्यावरून आता पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. बाराच्या आत माणा. तेव्हा वर निघालेले चाळीस-पन्नास जण भेटले. कित्येकांच्या हातात फक्त पाण्याची अर्धी बाटली होती, काहींच्या पायात चपला. माण्यात दारात बसून टोप्या-मोजे विणणाऱ्या बायका त्यांना थांबवून वेळ विचारत होत्या. हातानं विणलेले मोजे इथेच घ्यावेत, पुढच्या चार दिवसांत ते लागतात.

दिवस पाचवा : घांघरिया

बद्रीनाथहून गोविंदघाट, तिथून जीपनं चार किलोमीटर पुलना, आणि मग नऊ-दहा किलोमीटर चाल. चढ हजार मीटरच्या आसपास, पाच ते सहा तास. लक्ष्मणगंगा सतत सोबतीला असते. २०१३च्या जूनमधल्या पुरानं हे खोरं उद्ध्वस्त केलं होतं. भ्यूंडार गावाजवळ नदीच्या पात्रात घराएवढे धोंडे अजून तसेच पडलेले आहेत. भ्यूंडारच्या पुढे चढण खडी होते, म्हणून जेवण तिथे उरकावं.

खेचरं आली की नेहमी डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं. दरीच्या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला खेचराच्या पाठीवरचा बोजा ढकलून देतो. लीदीनं आणि पाण्यानं फरशी घसरडी होते, त्यामुळे उतरताना गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळवा टेकवत चालावं.

दिवस सहावा : हेमकुंडची वाट

घांघरिया ३,०५० मीटरवर. हेमकुंड, म्हणजे काठावर गुरुद्वारा असलेलं सरोवर, चार हजारांच्या वर, आणि अंतर फक्त सहा किलोमीटर. एवढ्या कमी अंतरात हजाराहून जास्त मीटर चढ असल्यामुळे सरासरी उतार जबर आहे. पहाटे पाचला निघावं.

गाव संपता संपता लक्ष्मणगंगेचा मोठा धबधबा लागतो. फुलांच्या घाटीची आणि हेमकुंडची वाट इथे फुटते. घाईत सगळे याच्यापुढून तसेच निघून जातात. हा धबधबा बघायची वेळ म्हणजे परतीची, दुपारी तीन-साडेतीन. हेमकुंड सरोवरातून बाहेर पडणारं आणि वाटेतल्या बर्फाचं पाणी तोवर इथे पोचलेलं असतं, आणि पहाटेच्या मानानं आवाजच वेगळा येतो. पूल भक्कम आहे, त्यामुळे भरलेल्या पाण्याचा धबधबा सुरक्षित उभं राहून पाहता येतो. या भटकंतीत दुपारी मुद्दाम बघावा असा हा एकच.

वर अटलाकोटीच्या टप्प्यावर जूनमध्ये बर्फ कापून वाट काढलेली असते. सप्टेंबरमध्ये नुसते ओघळ असतात. शेवटी वळणाच्या वाटेऐवजी हजाराहून जास्त पायऱ्यांचा जवळचा मार्ग आहे. चढताना तो घेऊ नये, दम लागून वेळ उलट वाढतो. पायऱ्यांच्या कडेच्या खडकांत ब्रह्मकमळं अजून होती. बहुतेकांच्या पाकळ्यांसारख्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. तोडू नयेत. ती बघायचीच असतील तर ऑगस्टचा उत्तरार्ध धरावा.

अकराच्या आत ढग सरोवरावर उतरतात, त्यापूर्वी पोचलात तर भोवतीची सातही शिखरं पाण्यात दिसतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये गरम खिचडी आणि गोड चहा मिळतो. वाढणारे सेवेकरी थंडीनं लालबुंद झालेल्या हातांनी पेला पुढे करतात आणि दुसरा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. शेजारीच लक्ष्मणाचं, लोकपालाचं छोटं मंदिर आहे. मुक्काम करता येत नाही, दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यांना खाली उतरायला सांगतात. या उंचीसाठी तो नियम अगदी योग्य आहे.

दिवस सातवा : फुलांची घाटी

तिकीटखिडकी सकाळी उघडते, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर यावं लागतं. खेचरं नाहीत, टपऱ्या नाहीत. वाट आधी पुष्पावती नदीच्या पुलाकडे उतरते आणि मग समोरच्या अंगानं चढते. १९३१मध्ये कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती या घाटीत उतरले आणि तिचं नाव जगभर गेलं. २००५पासून ती जागतिक वारसा आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर फुलं सरत आलेली, उतार तांबूस-पिवळे पडलेले. पण त्यामुळेच कड्यांवरचे झरे उघडे दिसतात, जुलैत ते ढगात असतात. आतले ओढे लाकडी ओंडक्यांवरून ओलांडायचे. ओल्या ओंडक्यावर बुटाची पकड जवळजवळ नसते. मधोमध पाऊल टाकावं, पाय आडवा ठेवावा आणि समोरचा माणूस पलीकडे पोचेपर्यंत थांबावं. एका गटाचे तिघं एकदम चढले आणि ओंडका हलला. तिथल्या वनरक्षकानं त्यांना परत बोलावून एकेक करून पाठवलं.

दिवस आठवा : उतरण

रात्री पाऊस झाला होता. सकाळी लक्ष्मणगंगा दुधट नव्हती, चहाच्या रंगाची होती, आणि पात्रात धोंडे एकमेकांवर आपटल्याचा खोल आवाज येत होता. पलीकडच्या कड्यावर पाचव्या दिवशी नसलेल्या सात-आठ धारा सुटल्या होत्या. खेचरवाल्यांनी जनावरं बांधूनच ठेवली. आम्हीही थांबलो. दहाच्या सुमाराला पाणी निवळायला लागलं, धोंड्यांचा आवाज थांबला, आणि पहिलं खेचर निघाल्यावर सगळे निघाले. दोन-अडीचपर्यंत पुलना. गोविंदघाटच्या खाली रस्ता दरडीनं तासभर बंद होता. राखून ठेवलेला जादा दिवस पूर्ण वापरावा लागला नाही, पण रात्रीचा प्रवास टाळून जोशीमठला मुक्काम करता आला तो त्याच्यामुळे.

धबधबे हेच कारण असेल तर वसुधारेसाठी मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा किंवा १५ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरावा. मे-जूनमध्ये पाणी भरपूर पण बर्फ ओलांडावं लागतं, बुटांना लावायचे काटे न्यावेत. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ पण धार बारीक, आणि पहाटे तुषार गोठून धोंड्यांवर काचेसारखा न दिसणारा थर बसतो. तेव्हा मात्र पहाटेचा नियम सोडून ऊन वाटेवर आल्यावरच माण्याहून निघावं.